भोकाभोवतीचे आठ ठिपके

अक्कांमुळे माझं काम टिकलं, हे आधी लिहून टाकते. बाकीचं सांगायला लागले की मी घाबरून भलतीकडे जाते आणि ज्यांचं सांगायचं त्यांचंच राहून जातं.

अक्का माझ्या नात्यातल्या नव्हेत. सोलापुरातल्या तेलुगू विणकर घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, चष्म्याची काच एका डोळ्याला जाड आणि दुसऱ्याला त्याहून जाड. आमच्या ऑफिसात तपासणीच्या टेबलावर बसायच्या. साहेबांसकट सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. मला त्या ‘पिल्ला’ म्हणायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, मेंढरांच्या घरची म्हणून चिडवतात की काय. मग कळलं, तेलुगूत पोरीला तसंच म्हणतात.

माझं घर नातेपुत्याच्या अलीकडं. घर म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं, बाकी आठ महिने आई-आबा मेंढरांमागं, आज या रानात तर उद्या त्या. मी नववीत होते तेव्हा आईचा पाय मोडला आणि मी शाळा सोडून मेंढरांमागं गेले. पाय बरा झाला, पण मी पुन्हा शाळेत गेले नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. बाकावर बसायची लाज वाटली, एवढंच. पुढं मावशीनं सोलापूरला आणलं. ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. मीही तिच्या शेजारच्या मशिनवर तीन वर्षं कडा शिवल्या.

त्याच गल्लीत, टॉवेलच्या गोदामावर, दोन खोल्यांचं एक ऑफिस निघालं. साहेब मूळचे सोलापूरचेच, पुण्यात नोकरी करून परत आलेले. त्यांना नजर तीक्ष्ण असलेल्या बायका पाहिजे होत्या, शिक्षणाची अट नव्हती. चौघींना त्यांनी आधी एका पाटीवर शंभर चौकोन दाखवले आणि विचारलं, वाकडे किती? मी सात म्हटलं. सातच होते. तसं मला कामावर घेतलं.

मावशीला ते काम कधीच कळलं नाही. “दिसभर खुर्चीवर बसून टीवी बघतीस व्हय गं?” ती विचारायची.

“बघत न्हाय मावशी, नीट करते.”

“काय नीट करतीस?”

इथं माझी गाडी अडायची. कारण मलाही नीट माहीत नव्हतं.

साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लोखंडी पत्र्याचा एखादा भाग आहे समजा. त्याच्यावर वजन पडलं तर तो कुठं तुटेल, हे तो बनवण्याआधीच कळायला पाहिजे. म्हणून कॉम्प्युटरवर त्या भागाचे हजारो बारीक चौकोन आणि त्रिकोण करतात. त्या सगळ्याला मिळून मेश म्हणतात. मग प्रत्येक चौकोनाला कॉम्प्युटर विचारतो, तुला किती ताण बसला? चौकोन नीट असला तर तो खरं सांगतो. फार लांबट असला, चपटा असला, पिळलेला असला तर खोटं सांगतो.

“खोटं का सांगंल?” मी विचारलं.

“ते गणित आहे. ते तू सोड,” साहेब म्हणाले. “लाल दिसला की वाकडा. हिरवा दिसला की बरा. लालचा हिरवा करायचा.”

मग मी ते सोडलं. वाकडा चौकोन पडद्यावर लाल दिसायचा. त्याच्या कोपऱ्यावरचा ठिपका माऊसनं धरायचा, थोडा सरकवायचा. तो हिरवा झाला की बहुतेक वेळा शेजारचा लाल व्हायचा. मग शेजारच्याचा ठिपका. असं करत करत वाकडेपणा सगळ्यांत थोडा थोडा वाटून टाकायचा, म्हणजे कुणीच लाल राहत नाही. आठ बायका दिवसभर हेच करायचो. कधी कधी मला स्वप्नातसुद्धा मेंढरं चौकोनी दिसायची.

सगळं झालं की फाईल अक्कांकडं. अक्का पडद्याला जवळजवळ नाक लावून बघायच्या, आणि काही चुकलं असलं तर ओरडायच्या नाहीत, नुसतं “अय्यो” म्हणायच्या. त्या अय्योला आम्ही सगळ्या घाबरायचो. अक्कलकोटकडची एक कानडी बोलणारी बाई होती, माझ्या शेजारी बसायची. ती म्हणायची, “साहेबांच्या शिव्या परवडल्या. अक्कांचा अय्यो जेवणात उतरतो बघ.”

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी साहेबांनी आम्हाला एक नवीन बटण दाखवलं. आधी एका फाईलमध्ये लालच लाल दाखवलं. पिकल्या बोरांचं झाड असावं तसं. मग बटण दाबलं. पडद्यावरचे ठिपके आपोआप हलायला लागले, इकडून तिकडं, मुंग्यांसारखे. काही रेषा पुसल्या गेल्या, काही नव्या आल्या. चहा निवायच्या आत सगळं हिरवं.

त्या फाईलला आमच्यातल्या एकीला दोन दिवस लागले असते.

“आता हे हातानं करायला आठ जणी लागणार नाहीत,” साहेब खाली बघत म्हणाले. त्यांनाही ते सांगायला जड जात होतं, एवढं दिसत होतं. “चौघी राहतील. प्रत्येकीला एक एक भाग देतो. बटण वापरा, हात वापरा, काहीही वापरा. फाईल अक्कांकडं न जाता सरळ पुण्याला, आपल्याला काम देणाऱ्या कंपनीकडं जाईल. तिथले इंजिनिअर बघतील. ज्यांच्या फाईली नीट निघतील त्या राहतील.”

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. मला परत टॉवेलच्या मशिनवर जायला लाज नव्हती. पण गावाकडं आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी कॉम्प्युटरवर आहे. एकदा मी नववीतून उठून आले होते. पुन्हा अर्ध्यातून उठून आलेली मी, मलाच बघायची नव्हती.

माझ्या वाट्याला आला तो एक वाकवलेल्या पत्र्याचा भाग. हाताच्या पंजाएवढा असेल, दोन ठिकाणी मुडपलेला, त्यात पाच गोल भोकं. बोल्ट बसायची. हे कशाचं, असं विचारलं तर साहेब म्हणाले, “गाडीच्या सीटखाली असतं.” कुठल्या गाडीच्या ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी बटण दाबलं. ठिपके हलले. लाल कमी कमी होत गेले आणि चौदावर येऊन थांबले. पुन्हा दाबलं. चौदा. पुन्हा दाबलं. चौदाच.

आता हे कसं सांगू. आमच्यात संध्याकाळी मेंढरं आत घेताना आबा तोंडाशी उभे राहून मोजतात. मेंढरांभोवती दोरीची जाळी उभी करतात, तिला आम्ही वाघर म्हणतो. एक जरी मेंढरू बाहेर असलं तरी वाघरीचं तोंड बांधत नाहीत. भाकरी निवू दे, पाऊस येऊ दे, एक कमी म्हणजे कमी. लहानपणापासून माझ्या अंगात ते बसलंय. चौदा बाहेर ठेवून मला तोंड बांधता येईना.

बटणाच्या खाली बारीक अक्षरात चार-पाच चौकटी होत्या, त्यांत बरोबरच्या खुणा होत्या. इंग्रजी मला अडखळत वाचता येतं. एक खूण मी काढून बघितली, काही झालं नाही, परत घातली. दुसरी काढली, काही नाही. तिसरी काढली आणि बटण दाबलं. चौदाचे नऊ झाले. पुन्हा दाबलं, दोन. पुन्हा दाबलं.

शून्य.

मला इतकं हलकं वाटलं की मी शेजारणीला न विचारता तिच्या डब्यातलं शेंगदाण्याच्या चटणीचं बोट चाटलं. फाईल पुण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. पुण्याहून एक चित्र आलं होतं. माझाच भाग, आणि एका भोकाभोवती कुणीतरी पेननं गोल काढलेला. खाली एक ओळ लिहिलेली. साहेबांनी ती वाचून दाखवली, “याचा गोलपणा कुठे गेला?”

“पण सर, सगळं हिरवं आहे की.”

“हिरवं आहे.”

“एकपण लाल नाही.”

“नाही.”

“मग?”

साहेबांनी डोकं धरलं. “भोकाभोवती आठ ठिपके होते. आता सहा आहेत. भोक षटकोनी झालंय. दुसरं एक भोक सरकलंय. कड आत आलीय. तू काय केलंस?”

मी काय केलं होतं ते मला कुठं माहीत होतं? मी तर लालचं हिरवं केलं होतं. तेवढंच तर सांगितलं होतं मला. माझ्या डोक्यात सगळं गरगरायला लागलं. वाकडं असतं तेव्हा लाल. लाल नाही म्हणजे नीट. नीट आहे तर चूक कशी? आणि चूक आहे तर कॉम्प्युटरनं लाल का दाखवलं नाही? तो कुणाच्या बाजूचा होता?

“पाच वाजेपर्यंत दुरुस्त करून पाठवायचं, असं मी त्यांना कसंबसं पटवलंय,” साहेब म्हणाले. “तेवढाच चान्स.”

मी जागेवर येऊन बसले. फाईल उघडली. सगळं हिरवंगार. कुठून सुरू करायचं? दुरुस्त करायला लाल तरी पाहिजे ना. हिरव्याला मी काय करू? साडेदहा वाजले, अकरा वाजले, मी नुसती बघत बसले.

तेव्हा अक्का स्वतःची खुर्ची ओढत माझ्याजवळ आल्या. त्या दिवसापुरतं त्यांना तपासायचं काही कामच नव्हतं. मी त्यांना बोलावलं नव्हतं, दुसऱ्या कुणी सांगितलंही नव्हतं.

“ए पिल्ला, पडद्याशी भांडण झालं काय?”

मला रडूच आलं. “अक्का, हिरवं असून चूक कसं असतंय?”

अक्कांनी पडदा बघितला, नाक लावून. मग म्हणाल्या, “मला पण नाही समजत.”

मला वाटलं, संपलं.

“समजत नाही, पण बघता येतं,” त्या म्हणाल्या. “कालची फाईल आहे का? बटण दाबायच्या आधीची? दोन्ही कागदावर काढ. एकाच मापात. रंग नको, नुसत्या रेघा.”

मी काढले. अक्कांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर दाबून धरले. एमआयडीसीतलं दुपारचं ऊन म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. दोन्ही कागदांच्या रेघा एकमेकांतून दिसायला लागल्या.

“माझे नाना, म्हणजे वडील, चादरीची नक्षी चौकड्यांच्या कागदावर रंगवायचे,” त्या कागद सरळ करत म्हणाल्या. “मोर, फूल, काय पण. एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवला की असं काचेवर धरायचे. आधी आतलं फूल नाही बघायचे हां. आधी किनार. फुलाची एक पाकळी इकडं तिकडं झाली तर गिऱ्हाईक बघत नाही. किनार सरकली की चादर घडीला बसत नाही. बघ आता. काय दिसतं?”

मला आधी गुंता दिसला. मग मी आतलं बघायचं सोडून कडेवरून नजर फिरवली. वरची कड जुळत होती. उजवी जुळत होती. डाव्या अंगाला दोन रेघा झाल्या. एक जुनी आणि एक नवी, मधे दाभणाएवढं अंतर. आणि तिसरं भोक. जुन्या कागदावर गोल, नव्यावर गांधीलमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखं.

“कड आत गेलीय,” मी म्हटलं.

“कुणी ओढली?”

“मी तर कडेला हातसुद्धा लावला नाही अक्का. मी आतलेच नीट केले.”

“आतले कसे नीट झाले मग? जागा कुठून आणली?”

हे मला कुणीतरी आधी सांगितलेलं होतं. ह्याच शब्दांत नाही, पण हेच. मी फोन घेऊन जिन्यात गेले आणि आबांना लावला. लागेपर्यंत चार वेळा तुटला.

“कुटं हायस गं? काय झालं? कामावर न्हाईस व्हय?” आबांच्या मागून मेंढरांचा आवाज येत होता.

“हाय कामावरच. आबा, मी ती वाघर शिवली होती, तवा तुमी काय म्हणला होता?”

“कुठली वाघर?”

“मांडीवर घेऊन शिवली होती ती. मी शाळा सोडली त्या साली.”

“वाघर कशाला पायजे तुला सोलापुरात?”

“आबा, सांगा की!”

“येडी का खुळी तू,” आबा म्हणाले. मग जरा थांबले. “आधी खुटाला बांध, मग शिव, म्हणलो आसंल. दुसरं काय म्हणणार?”

हेच. त्या साली वाघर एका बाजूला फाटली होती आणि मी ती दुपारभर बाभळीखाली मांडीवर घेऊन शिवली. इतकी सुरेख शिवली की एकूण एक घर सारखं दिसत होतं, आई बघून हसली. संध्याकाळी वाघर उभी करायला गेले तर शेवटच्या खुटापर्यंत ती पोचेना. हातभर कमी. घरं सारखी करायला मी सगळीकडून थोडी थोडी दोरी ओढून घेतली होती आणि ती अखेर कडेतून आली होती. आबांनी त्या रिकाम्या जागेत बोराटीच्या फांद्या लावल्या आणि मला म्हणाले, कडेची दोरी आधी चार खुटांना बांधायची. ती हलता कामा नये. मग आतलं कितीही वाकडं राहू दे.

मी वर आले आणि अक्कांना हे सगळं सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे, अर्धं रडत, अर्धं हसत. अक्कांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“मग खुटाला बांध की,” त्या म्हणाल्या. “बसलीस काय?”

पण पडद्यावर खुंट कुठं असतात? मग आम्ही दोघींनी बटणाखालच्या त्या बारीक अक्षरांच्या चौकटी वाचायला घेतल्या. मी एक एक अक्षर लावून वाचायची आणि अक्का म्हणायच्या, “पुढे.” तिसरी चौकट, जिची खूण मी काढली होती, तिच्यातला पहिला शब्द मला येईना, दुसऱ्याचा अर्थ कड होता, तिसऱ्याचा बांधलेली. मी ते तीनदा वाचलं. म्हणजे बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. त्यांनी खुंट दिले होते. मीच ते उपटून ठेवले होते, चौदा मेंढरं आत घ्यायची म्हणून.

खूण परत घातली. जुनी फाईल घेऊन बटण दाबलं. चौदा लाल. या वेळी त्या चौदांना बघून मला बरं वाटलं, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

मग हातानं. अक्का शेजारी. एक एक लाल मोठा करून बघायचा, कडेचे ठिपके सोडून आतला कुठला हलेल ते शोधायचं. जेवलो नाही. शेजारणीनं दोन भाकऱ्या आणून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, “दोघी मिळून एकच चौकोन बघताय तासभर. लग्न जुळवताय काय त्याचं?” अक्का म्हणाल्या, “जुळवतोय. मुलगा जरा वाकडा आहे.”

चौदाचे आठ झाले. आठाचे पाच. चार वाजेपर्यंत तीन राहिले आणि ते तीन काही केल्या हलेनात. पत्रा जिथं मुडपला होता तिथं भोकाची कड आणि मुडपीची रेघ इतकी जवळ आली होती की मधल्या चौकोनाला अंग पसरायला जागाच नव्हती. कड हलवली तरच तो हिरवा होणार.

“हे तीन लाल ठेवून पाठवायचं,” अक्का म्हणाल्या.

“न्हाई.”

“का?”

“लाल पाठवायचं? परीक्षेत? अक्का, ते म्हणतील हिला जमलं नाही.”

“जमलंच नाही की. खरं ते पाठव.”

मी हात मांडीवर घेऊन बसले. माझं बोट त्या खुणेकडं जात होतं, खरं सांगते. एकदा काढायची, एकदाच दाबायचं, शून्य. भोक गोल राहील इतपतच. कुणाला कळणार होतं? घड्याळात सव्वाचार झाले होते. अक्कांनी चष्मा काढून डोळे चोळले, आणि तेव्हा मला दिसलं की त्यांचे डोळे किती लाल झालेत. सकाळपासून त्या माझ्या पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. त्यांची स्वतःची जागा राहणार की नाही हेही त्यांना माहीत नव्हतं. बटणानं सगळं हिरवं होणार असेल तर तपासणारी कशाला पाहिजे?

“लिही,” त्या म्हणाल्या. “कुठले तीन आणि का.”

“इंग्रजीत?”

“मराठीत लिही. साहेब करतील.”

मी वहीच्या पानावर लिहिलं. ‘तीन लाल राहिले आहेत. मुडपीजवळ, तिसऱ्या भोकाच्या खाली. कड हलवली तर हिरवे होतात. कड हलवली नाही.’ भोकाभोवतीचे ठिपके एकदा शेवटचे मोजले. आठ. पाचही भोकांना आठ आठ. साहेबांनी पान वाचलं, माझ्याकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं आणि फाईल पाठवली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. साहेबांनी केबिनच्या दारातूनच सांगितलं, “ते तीन चालतील म्हणाले.” बस, एवढंच. मी विचारलं, का चालतील? लाल म्हणजे खोटं सांगणारे ना? मग तिघांनी खोटं सांगितलेलं कसं चालतं? साहेब म्हणाले, “तिथं ताण कमी आहे.” मला ते तेव्हा कळलं नाही, आजही अर्धंच कळलंय.

महिनाअखेर चौघी राहिल्या. त्यात मी होते. अक्का नव्हत्या. साहेबांनी एक तपासणारी ठेवायची असं ठरवलं होतं. ते मला नंतर शेजारणीनं सांगितलं. साहेबांच्या केबिनमध्ये अक्का म्हणाल्या होत्या, “बटण लाल घालवतं. कड कोण बघणार? त्या मेंढरांच्या पोरीला ठेवा, तिला कड दिसते.” आणि स्वतःबद्दल म्हणाल्या की डोळ्यांचं ऑपरेशन आहे, आता पडदा नको.

ऑपरेशन खरंच होतं का? मी त्यांना विचारलं. त्यांच्या घरी गेले होते, जुन्या मागाच्या खोलीत आता त्यांचा भाऊ पिठाची गिरणी चालवतो. अक्कांनी डोळ्यावरची हिरवी पट्टी दाखवली, म्हणजे ऑपरेशन झालं होतं. पण त्याच्यासाठी काम सोडायला पाहिजे होतं का, की माझ्यासाठी जागा रिकामी केली? हे मी तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांनी चहात साखर किती विचारलं.

“अक्का, आता मी तुमच्या टेबलावर बसते. मला काहीच कळत नाही तिथं.”

“मला तरी कुठं कळत होतं?” त्या हसल्या. “सहा वर्षं बघितलं मी. हजार भाग बघितले असतील. एक पण हातात नाही घेतला. कसा असतो गं तो? जड असतो? भोकाची कड बोटाला लागते का गुळगुळीत असते?”

मीही कधी हात लावला नव्हता.

संक्रांतीला गावी जाताना मी एसटीत वेळापूरपर्यंत खिडकीतून बघत बसले होते. मग एकदम आठवलं आणि खाली वाकून सीटखाली हात घातला. पत्रा लागला, धूळ लागली, एक बोल्ट लागला. चाचपत होते तेवढ्यात कंडक्टर आला.

“काय पडलं ताई?”

“काही नाही.”

“मग काय शोधताय?”

“भोक,” मी म्हटलं. आजूबाजूचे हसले. बोल्टाभोवती बोट फिरवून बघितलं, पण तो माझा भाग नव्हता. त्याला मुडप एकच होती.

साहेबांना मी सांगून ठेवलंय, की पुण्याहून कधी तो भाग तयार होऊन आला, नमुन्याचा, टाकाऊ, वाकलेला, कसाही, तर मला पाहिजे. ते म्हणतात, असे भाग कुणी परत पाठवत नाही. बघू म्हणतात. मी दर महिन्याला आठवण करते. आता मी तपासते, रोज कडेवरून नजर फिरवते, रोज आठ ठिपके मोजते, आणि खोटं सांगणं म्हणजे नेमकं काय ते गणित मला अजून सुटलेलं नाही. तेही शिकायचंय.

अक्का, तुम्ही हे वाचणार नाही, तुम्हाला मराठी वाचायचा कंटाळा. कुणीतरी वाचून दाखवेल. एक दिवस मी तो भाग मिळवीन. धुऊन पुसून तुमच्याकडं आणीन आणि तुमच्या हातात देईन. तिसऱ्या भोकाच्या कडेवरून तुमचं बोट मी फिरवीन, आणि ते तीन लाल का चालले, ते तोपर्यंत शिकून घेऊन तुम्हाला नीट समजावून सांगीन.